शुश्रूषा केंद्रातले आपले वडीलधारे : बांधावरून ऊस कळत नाही



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने हा विषय का काढावा, असे काहींना वाटेल. त्याचे कारण सांगतो. ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो. कुणाच्या ओसरीवर चहा होतो, कुणाच्या वस्तीवर ताक होते. पूर्वी ओसरीच्या कोपऱ्यात खाटेवर घरातले म्हातारे माणूस असायचे आणि आम्ही टेकायच्या आत विचारायचे, "काय साहेब, औंदा दर किती देनार?" आता कित्येक घरांत ती खाट रिकामी दिसते. चौकशी केली की मान खाली घालून उत्तर येते, "तात्यास्नी शहरात केंद्रात ठिवलंय. घरात उचलायला मानूस न्हाई."

यात मान खाली घालण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक मुलगा पुण्याला कंपनीत, दुसरा शेतावर, सून दूध आणि जनावरे बघणार. लकव्याने पडलेल्या मोठ्या माणसाला दिवसातून दहा वेळा उचलायचे कुणी? काही दुखणी घरच्या माणसांच्या बळाबाहेरची असतात. चूक केंद्रात ठेवण्यात नाही. पैसे भरून निर्धास्त होण्यात चूक आहे. ती आमच्या हातून झाली, म्हणून हा लेख.

एक खुलासा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डॉक्टरचा छोटा दवाखाना किंवा बाळंतपणाचे ठिकाण डोळ्यांसमोर येते. येथे आम्ही लिहितो आहोत ते वृद्धांच्या शुश्रूषा केंद्राविषयी. म्हणजे जेथे अंथरुणाला खिळलेली माणसे महिनोन् महिने राहतात, खाणे, अंघोळ, औषध, मलमूत्र हे सारे दुसऱ्याच्या हातून होते, अशी जागा.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून सोडल्यावर न्यायचे कुठे, हा प्रश्न पडला. चुलतभाऊ पुण्याला, घरात दोन शाळकरी मुले. इकडे आमचा गाळप हंगाम सुरू झालेला. जिल्ह्याच्या गावी एक केंद्र पाहिले. फरशी लखलखीत, पडदे धुतलेले, दारात तुळस. मन निवांत झाले. आबांना ठेवले आणि आम्ही तोडणीच्या धांदलीत पडलो.

दर रविवारी फोन करायचा. "आबा बरे आहेत ना?" "एकदम छान, साहेब." महिन्यातून एकदा भेटायला जायचे, तेही आदल्या दिवशी कळवून. गेलो की आबांना दाढी केलेली, धुतलेला सदरा घातलेला, मानेपर्यंत पांढरी चादर. आबा डाव्या हाताने ती चादर सारखी ओढायचे. आम्हाला वाटे, दुखण्याने चिडचिडे झाले आहेत. आम्ही चादर पुन्हा नीट करून द्यायचो. दोन वेळा तसे केले.

चौथ्या महिन्यात त्या बाजूला आपल्या वाहतुकीची एक ट्रॉली उलटली. पाहणीसाठी जावे लागले आणि परतताना दुपारी दोनच्या सुमारास न कळवता केंद्रात शिरलो. खोलीत वास होता. आबा उताणे. जेवणाचे ताट उजव्या बाजूच्या स्टुलावर, म्हणजे जो हात चालत नाही त्या बाजूला, भरलेले तसेच. आबांनी पुन्हा चादर ओढली. या वेळी ती ओली लागली, म्हणून आम्हीच काढली आणि त्यांना कुशीवर केले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, मध्ये काळी पडलेली. दोन्ही टाचांवर काळे डाग. आबा इतके दिवस हेच दाखवत होते.

व्यवस्थापक म्हणाले, "वय झालं की असं व्हायचंच, साहेब." व्हरांड्यात रात्रपाळीच्या मावशी भेटल्या. त्या हळूच म्हणाल्या, "दादा, रात्री मी एकली. चौदा मानसं. कुनाला कुशीवर करू आन् कुनाला पानी पाजू?"

आबांना दवाखान्यात हलवले. तिथले डॉक्टर म्हणाले की अशा बहुतेक जखमा टाळता येतात, आणि ही आठवड्यांपूर्वीच दिसायला हवी होती. आम्ही गेली वीस वर्षे सभासदांना सांगत आलो आहोत की बांधावरून ऊस बघू नका, सरीत उतरा. जुन्या मंडळींना २००२ साल आठवत असेल. त्या वर्षी सांगली भागात लोकरी मावा पहिल्यांदा दिसला. बांधावरून प्लॉट हिरवागार दिसायचा, पान उलटले की खाली पांढरी लोकर. आम्ही नोकरीला लागलो ते त्याच सुमारास, आणि पान उलटून बघण्याची सवय तेव्हाच लागली. पण आबांच्या बाबतीत आम्ही चार महिने बांधावरूनच परत फिरलो.

म्हणून पुढच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. त्या बघायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

१. पाठ, खुबे आणि टाचा

अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमेला दवाखान्यात बेडसोअर म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी सापडते, दाबाने तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि ती जागा आतून मरू लागते. अशक्त माणसाच्या बाबतीत याची सुरुवात दोन तासांतही होऊ शकते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, खांद्याची हाडे आणि डोक्याची मागची बाजू या जागा धोक्याच्या.

पहिली खूण म्हणजे लाल चट्टा. त्यावर बोट दाबून सोडा. कातडी क्षणभर फिकी पडली तर रक्त अजून खेळते आहे. दाबूनही लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली असे समजा. आपल्या सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. अशा वेळी ती जागा आजूबाजूपेक्षा काळसर, गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का, ते हाताने बघा.

ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली पाहिजे, रात्रीसुद्धा. हवेची गादी असली तरी हे चुकत नाही. गादी मदत करते, माणसाचे काम ती करत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. वर सरकवताना चादरीवरून फरफटत ओढू नये, दोघांनी उचलून घ्यावे. ओढल्याने कातडी सोलते. लाल झालेल्या जागेवर तेल लावून जोरात चोळू नये, आणि भोकाच्या रबरी चकतीवर बसवू नये. दोन्हींनी नुकसान वाढते. लघवीने ओली राहिलेली कातडी लवकर फाटते, तेव्हा डायपर किती वेळा बदलतात हेही विचारा.

२. पाणी आणि घास

म्हातारपणी तहान कमी लागते. माणूस पाणी मागत नाही आणि मग कोरडा पडतो. जीभ कोरडी, लघवी गडद आणि थोडी, माणूस एकाएकी भांबावल्यासारखा बोलू लागतो, ही त्याची लक्षणे. पाण्याचा तांब्या चालत्या हाताच्या बाजूला, हात पोचेल असा आहे का? भरलेला असून तसाच आहे, की प्यायला जातो आहे? उसाला पाटात पाणी आले म्हणजे सरीत पोचले असे आपण धरत नाही. येथेही तसेच धरू नये.

लकवा झालेल्याला आडवे पाडून भरवणे घातक आहे. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. भरवताना सरळ बसवावे, छोटा घास द्यावा, तो गिळल्यावरच पुढचा द्यावा. जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवावे. जेवताना वारंवार ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला येणे, ही धोक्याची खूण. डॉक्टरांना सांगितले पाहिजे. पातळ पदार्थ दाट करून द्यावेत का, ते तेच ठरवतील. दात आणि तोंड रोज साफ करणे हीही चैन नाही. तोंडातली घाण छातीत उतरली की न्यूमोनिया होतो.

एक सोपा उपाय म्हणजे दर महिन्याला वजन करून मांडून ठेवायला सांगणे. वजन उतरत चालले की कुठेतरी काही चुकते आहे, हे कळते.

३. पडणे आणि बांधणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडण्याचा क्रमांक जगात दुसरा लागतो आणि त्यात साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. म्हातारे माणूस बहुधा रात्री लघवीला उठताना पडते. म्हणून बेड ठेंगणा हवा, रात्री मंद दिवा हवा, संडासात धरायला दांडा हवा, फरशी कोरडी हवी, आणि हाक मारायला घंटा हवी. ती घंटा आपण स्वतः वाजवून बघावी आणि घड्याळ लावून माणूस किती वेळाने येतो ते पाहावे.

काही ठिकाणी पडू नये म्हणून हातपाय बेडला बांधतात. त्याने पडणे थांबत नाही. माणूस सुटायला धडपडतो, बेडच्या कठड्यात अडकतो, बांधलेल्या जागी जखमा होतात आणि उरलेली ताकदही जाते. अमेरिकेत अशा केंद्रांतल्या सेवेविषयी १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने अहवाल दिला आणि १९८७ साली कायदा झाला. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधता येणार नाही, हे त्या कायद्याने ठरवले. औषध देऊन गुंगवून ठेवणेही त्यात बांधण्याच्या बरोबरीचे धरले आहे. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. तपासणी पथकाने न कळवता जायचे, आणि दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही. कळवून गेले की सगळे टापटीप दिसते, हे त्यांनाही अनुभवानेच कळले असणार.

४. औषधे

आपल्या माणसाच्या नावाचा वेगळा डबा असावा. कोणती गोळी, कधी, कुणी दिली याचा तक्ता असावा आणि त्यावर सही असावी. आठवड्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केल्यासारख्या दिसल्या तर समजून घ्या. चिटबॉयने घरी बसून भरलेले तोडणीचे रजिस्टर आपल्याला ओळखता येते, तसेच हे.

केंद्रात आल्यापासून नवीन गोळी कोणती सुरू झाली, ती कुणी लिहून दिली, हे विचारा. विशेषतः झोपेची गोळी. तिने रात्र शांत जाते, पण माणूस दिवसाही पेंगतो, जेवत नाही, उठला की तोल जातो. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि जेवण यांच्या वेळा जुळतात का ते बघा. इन्सुलिन देऊन जेवण राहिले तर साखर उतरून जिवावर बेतते.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली लोंबती असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी.

५. रात्रीचा माणूसबळाचा हिशोब

आता त्या मावशींच्या चौदा माणसांचा हिशोब मांडून बघू. चौदापैकी नऊजणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही असे धरा. एकाला पुसणे, कोरडे करणे, कूस बदलणे याला दहा मिनिटे. नऊजणांना नव्वद मिनिटे. फेरी दर दोन तासांनी, म्हणजे एकशेवीस मिनिटांनी. उरली तीस मिनिटे. त्यात उरलेल्या पाचजणांचे संडास-लघवी, सगळ्यांचे पाणी, कुणाचा ताप, कुणाची ओकारी. म्हणजे त्या बाईने रात्री आठ ते सकाळी आठ एकदाही बुड टेकायचे नाही. शिवाय एकटीने उचलायचे म्हणजे ओढणेच आले. हे होणे शक्यच नाही, आणि न झालेले काम मग पाठीवर उमटते.

दहा माणसांच्या टोळीकडून पंचवीस माणसांचे काम होत नाही, हे आपण मुकादमाशी बोलताना जाणतो. केंद्र बघायला जाल तेव्हा एकूण माणसे किती हे विचारून थांबू नका. रात्रपाळीला किती, रविवारी किती, दिवाळीत किती, हे विचारा. त्यांतल्या प्रशिक्षित परिचारिका किती तेही विचारा. सहायक परिचारिकेचा, म्हणजे एएनएमचा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा असतो. त्यांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. पांढरा कोट घातला म्हणजे सिस्टर होत नाही.

आणि मावशीवर ओरडू नका. आम्ही त्या दिवशी आवाज चढवला, तो चुकीच्या माणसावर. माणसे कमी ठेवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. खरी माहिती तर त्यांनीच दिली.

६. आग लागली तर बाहेर कसे काढणार?

१ जानेवारी २०२३ च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलास भागातल्या एका वृद्ध सेवागृहाला आग लागली आणि दोन वृद्ध महिला दगावल्या. आपल्या राज्यात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, तेव्हा ११ रुग्णांचा मृत्यू झाला. ज्याला स्वतःच्या पायाने पळता येत नाही त्याच्यासाठी धूर पुरेसा असतो.

म्हणून चालू न शकणारी माणसे कितव्या मजल्यावर ठेवली आहेत ते बघा. जिन्यातून स्ट्रेचर वळते का? मागच्या दाराला रात्री कुलूप असते का, आणि किल्ली कुणाकडे? आग विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख संपली आहे का? एकाच बोर्डावर किती तारा लोंबतात? हे प्रश्न विचारल्यावर मालकाला राग आला, तर ते केंद्र आपल्यासाठी नाही.

कागद आणि कायदा

आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून जेथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते त्या जागेला तो लागू होतो. साध्या वृद्धाश्रमाची गोष्ट वेगळी. पण नळी घातलेले, जखमा झालेले, इन्सुलिनवरचे रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राला या कायद्याखालील नोंदणीचा दाखला जरूर विचारावा. "आमच्याकडे डॉक्टर येतात" एवढ्यावर भागवू नये. कोण येतात, कोणत्या वारी येतात, रात्री कुणाला बोलावता, हेही लिहून घ्यावे.

दुसरा कायदा २००७ चा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० साली केले. आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाचे न्यायाधिकरण असते. वडीलधाऱ्याला वाऱ्यावर सोडून देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यातले कलम २३ शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने नावावर करून दिली आणि नंतर सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. मात्र ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. ओसरीवर बसून दिलेला शब्द सिद्ध करणे अवघड जाते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे. तिचा नंबर घरातल्या फोनवर घालून ठेवा.

जाऊन बघण्याची पाळी

एवढे सगळे लिहिल्यावर मुख्य गोष्ट एकच उरते. न कळवता जा, वेगवेगळ्या वेळी जा, आणि चादर काढून बघा. एकदा सकाळी न्याहारीच्या वेळी, एकदा भर दुपारी, एकदा रात्री नवानंतर. ज्या घरचे लोक केव्हाही येतात त्या माणसाकडे आपोआप जास्त लक्ष राहते, ही माणसाची रीत आहे. "भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते पाच" असे सांगणाऱ्या ठिकाणी ठेवण्याआधी चार वेळा विचार करा.

हंगामात प्रत्येकाला दर आठवड्याला जाणे जमत नाही, हे आम्ही जाणतो. पण एका गावची तीन-चार माणसे एकाच शहरात असतात. पाण्याची पाळी लावतो तशी ही पाळी लावा. या आठवड्यात तुम्ही जा, तुमच्या माणसाला बघा आणि शेजाऱ्याच्या माणसालाही बघा. पुढच्या आठवड्यात शेजारी जाईल. बाईमाणसासाठी घरातल्या बाईलाच पाठवा. परक्या पुरुषासमोर आई-आजी काही सांगणार नाहीत, दाखवणार तर नाहीतच.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, पाठ-टाचा कशा, वजन किती, काय खाल्ले, रात्री कोण होते. चार ओळी पुरतात. आणि आपल्या माणसाशी एकट्याने बोला. वाचा गेलेली असेल तर हो-नाहीची खूण ठरवा, हात दाबायला सांगा. ती चादर ओढत असतील, ताट ढकलत असतील, ठरावीक माणूस आला की अंग चोरत असतील, तर चिडचिड समजून सोडून देऊ नका.

काही वावगे दिसले तर आधी डॉक्टर, भांडण नंतर. जखमेचा तारखेसह फोटो काढून ठेवा. तक्रार तोंडी न करता लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्राने ऐकले नाही तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. आणि चांगली सेवा दिसली तर तेही मालकासमोर त्या मावशीचे नाव घेऊन सांगा. त्यांना कौतुकाचा शब्द क्वचितच मिळतो.

आबांची जखम भरायला पाच महिने लागले. नंतर त्यांना दुसऱ्या केंद्रात ठेवले. ते दिसायला साधे, पत्र्याचा व्हरांडा, पडदे विटलेले. पण प्रत्येक बेडच्या पायथ्याशी सुतळीने वही बांधलेली होती आणि तिच्यात दोन-दोन तासांच्या नोंदी वेगवेगळ्या हातांच्या होत्या. रात्री तीन माणसे असायची. आम्ही आणि चुलतभावाने पाळी लावली, कधी आमच्या गावचे सभासदही जाऊन येत. आबा तिथे दीड वर्ष राहिले. शेवटी गेले ते वयाने, पाठीला जखम नव्हती. आम्ही गेलो की ते डाव्या हाताने आमचा हात धरायचे. चादर पुन्हा कधी ओढली नाही.

तरी ज्या सभासदांचे वडीलधारे केंद्रात आहेत त्यांनी या आठवड्यात, न कळवता, एकदा जाऊन यावे, ही नम्र विनंती. लागणीचे प्लॉट बघायला आम्ही येतोच आहोत. तेव्हा "तात्या कसे आहेत?" असे विचारू. फोनवर काय सांगितले ते नको, तुम्ही स्वतः काय बघितले ते सांगा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग